दीडशे रुपयांची बासरी आणि पहिला षड्ज

नागपूरच्या प्रतापनगर भागातील एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश असा : त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली असून त्या नोकरी करतात. बासरी शिकण्याची इच्छा लहानपणापासून होती, परंतु ती कधी पूर्ण झाली नाही. यंदा त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या यात्रेत एक बासरीवाला फार गोड वाजवत होता. त्याच्याकडून त्यांनी दीडशे रुपयांची एक बासरी घेतली. गेले तीन आठवडे त्या रोज पहाटे गच्चीवर सराव करतात, पण बहुतेक वेळा नुसता वारा निघतो, डोके गरगरते आणि चुकून आवाज निघालाच तर तो मोबाइलमधील तानपुऱ्याशी जुळत नाही. पुण्याला असणाऱ्या मुलाचे म्हणणे असे, की नाव नसलेली बासरी म्हणजे खेळणे असते, इंटरनेटवरही तसेच लिहिलेले आहे, तेव्हा साडेचार हजारांची नामांकित बासरी मागवावी. यजमानांना वाटते, की या वयात दम पुरणार नाही. वाचक भगिनी विचारतात : स्वस्तातली बासरी घेण्यात माझी चूक झाली का? महागडी घ्यावीच लागेल का? की दोष माझ्याच फुंकरीत आहे?

ताई,

आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य आपण शेवटी कंसात लिहिले आहे : ‘मला जमले तर चांगली घेईन.’ त्या वाक्याकडे मी पुढे येणार आहे, कारण माझ्या मते आपली खरी अडचण तिथे आहे. परंतु आधी आपल्या चिरंजीवांच्या सल्ल्याचा विचार करू, कारण तो काळजीपोटी दिलेला आहे आणि अर्धा बरोबरही आहे.

नाव नसलेला फ्लूट घेऊ नये, हा सल्ला इंटरनेटवर खरोखरच सर्वत्र आढळतो. मात्र तो बहुतेक ठिकाणी पाश्चात्त्य पद्धतीच्या धातूच्या फ्लूटविषयी दिलेला असतो. थिओबाल्ड बोएम या जर्मन वादकाने १८४७ साली ज्या वाद्याचा आराखडा सिद्ध केला, त्या वाद्यात छिद्रांवर बोट ठेवायचे नसून कळा दाबायच्या असतात. त्या कळांना दांड्या, स्प्रिंगा आणि छिद्र हवाबंद करणारे मऊ पॅड असतात, आणि यातला एक पॅड जरी नीट बसला नाही तरी त्याच्या खालचे सगळे स्वर बिघडतात. स्वस्तात तयार केलेल्या फ्लूटमध्ये ही यंत्रणा लवकर ढिली होते आणि दुरुस्त करणारा कारागीर सहजी मिळत नाही, म्हणून तिथे निर्मात्याच्या नावाला महत्त्व आहे. आपल्या बासरीत यातले काहीच नाही. एक नळी, एका टोकाला बूच, फुंकण्यासाठी एक छिद्र, म्हणजे मुखरंध्र, आणि बोटांसाठी सहा छिद्रे, एवढाच तिचा संसार आहे. तिच्यात बिघडण्यासारखी यंत्रणा नसल्यामुळे तिच्या बाबतीत ‘ब्रँड’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. उत्तम वादकांच्या बासऱ्या अनेकदा एखाद्या कारागिराने हाताने केलेल्या असतात आणि त्यांच्यावर नावाऐवजी पेन्सिलीने लिहिलेली पट्टी, म्हणजे बासरीचा मूळ सूर, तेवढी दिसते.

मग दीडशे रुपयांची आणि हजार-दीड हजारांची बासरी यांत फरक कशाचा? तो मुख्यतः वेळेचा आहे, आणि थोडा बांबूचा.

आधी बांबूचे सांगते. आपण विदर्भातील माणसे बांबूच्या राज्यात राहतो. गडचिरोली-चंद्रपूरकडचा मानवेल टोपल्या, ताटवे, काठ्या आणि कागद यांसाठी प्रसिद्ध आहे. पण हा बांबू जाड भिंतीचा, अनेकदा जवळजवळ भरीव असतो, आणि बासरीला मात्र पातळ भिंतीचे, सरळ आणि लांब पेराचे बांबू लागतात. असे बांबू मुख्यतः आसामातून येतात. उत्तर प्रदेशातील पीलीभीत हे बासऱ्या घडवणाऱ्यांचे जुने गाव असून तिथल्या कारागिरांनाही बांबू आसामकडूनच आणावे लागतात. जत्रेतल्या आणि दुकानातल्या बासरीचा कच्चा माल म्हणूनच पुष्कळदा एकाच मुलखातला असतो.

वेगळी असते ती पुढची मेहनत. कोणतेही दोन बांबू सारखे नसतात. एकाची पोकळी किंचित रुंद, दुसऱ्याची भिंत किंचित जाड, तिसरा एका टोकाकडे निमुळता. म्हणून ठरावीक मापाची मोजपट्टी समोर ठेवून, तापवलेल्या सळईने एकाच अंतरावर सगळ्या बासऱ्यांना भोके पाडली, तर त्यांतली एखादी योगायोगाने सुरात येते आणि बाकीच्यांचा एखाद-दुसरा स्वर घसरतो. काळजीपूर्वक काम करणारा कारागीर भोक आधी लहान पाडतो, वाजवून पाहतो, थोडे घासतो, पुन्हा वाजवतो. छिद्र मोठे केले की स्वर चढतो आणि एकदा चढलेला स्वर खाली आणणे कठीण असते, म्हणून हे काम सावकाशच करावे लागते. दीडशे रुपयांत एवढा वेळ देणे कोणत्याही कारागिराला परवडणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते या वेळेचे. ज्या बासरीला हा वेळ मिळाला आहे ती बिननावाची असली तरी शिकायला पूर्ण योग्य आहे, आणि ज्या बासरीला तो मिळालेला नाही तिच्यावर कितीही सुंदर शिक्का असला तरी ती योग्य नाही.

आपण कदाचित म्हणाल, की तो बासरीवाला तर तशाच बासरीवर इतके सुरेल वाजवत होता. अगदी खरे आहे, आणि फसगत इथेच होते. बासरीत स्वराची उंची केवळ छिद्रांवर ठरत नाही. ओठ मुखरंध्रावर किती झुकले आहेत, बासरी आत वळवली आहे की बाहेर, फुंकर किती जोरात आहे, यांवरही ती बरीच हलते. रोज आठ-आठ तास वाजवणारा माणूस घसरलेला गंधार (ग) ओठांनी नकळत सावरून घेतो, छिद्र अर्धे झाकून निषाद (नि) उतरवून घेतो, आणि शिवाय वेगवान धून वाजवत असल्यामुळे कोणत्याही एका स्वरावर थांबत नाही. आपण बासरी घेऊन घरी येतो, त्याचे ओठ मात्र यात्रेतच राहतात.

मी हे स्वतः भोगले आहे, म्हणून थोडे आग्रहाने लिहिते. विद्यार्थिदशेत मी नागपूरच्या महाल भागातील एका दुकानातून अशीच एक बासरी घेतली आणि जवळपास सहा महिने एकटीने सराव केला. धैवत (ध) लागत नाही म्हणून मी रोज स्वतःवर चिडत असे. पुढे एका जाणकार वादकांनी ती बासरी हातात घेऊन एकदाच फुंकली आणि सांगितले, की हिचा धैवत मुळातच चढा आहे. मला त्या दिवशी आनंद झाला नाही, रडू आले. कारण सहा महिन्यांत माझ्या कानाने तो चढा धैवतच बरोबर मानायला सुरुवात केली होती आणि ती सवय घालवायला त्याहून जास्त काळ लागला. तयार वादकाला वाद्यातला दोष ओळखता येतो. नवशिक्याला तो स्वतःचा दोष वाटतो. म्हणून सुरात असलेल्या बासरीची गरज नवशिक्यालाच अधिक असते, असे मी पूर्ण विचारान्ती म्हणते.

आता आपल्या हातातल्या बासरीकडे येऊ. ती वाईटच आहे असे मी पत्रावरून ठरवणार नाही, कारण आपण वर्णन केलेल्या तक्रारींपैकी काहींना बासरी जबाबदार नसावी. आपण पहाटे गच्चीवर सराव करता. मोकळ्या हवेत हलकी झुळूकदेखील ओठांतून निघालेला बारीक झोत मुखरंध्राच्या कडेवरून ढळवते आणि मग नुसता वारा ऐकू येतो. शिवाय थंडीच्या दिवसांतली नागपूरची पहाट बऱ्यापैकी गार असते. हवेचे तापमान एका अंशाने उतरले, की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने कमी होतो आणि त्या प्रमाणात बासरीचे सगळे स्वर उतरतात. २७ अंशांना सुरात असलेली बासरी १२ अंशांना अर्धस्वराच्या जवळपास निम्म्याइतकी खाली बोलू शकते. श्वासाने नळी उबदार होत जाते तसा हा फरक घटतो, पण मोबाइलमधला तानपुरा थंडीने उतरत नाही. त्यामुळे दोघांचे न जुळणे स्वाभाविक आहे.

आणखी एक शक्यता आहे. आपण तानपुरा कोणत्या पट्टीत लावला होता, हे पत्रात लिहिलेले नाही. भजनाला बसणाऱ्या पुष्कळ भगिनी सवयीने पेटीच्या काळी चार किंवा काळी पाच या पट्टीत तानपुरा लावतात. बासरीचा षड्ज, म्हणजे सा, मात्र ठरलेला असतो, तो आपल्याला बदलता येत नाही, तानपुराच बासरीच्या पट्टीत आणावा लागतो. वरची तीन छिद्रे झाकून आणि खालची तीन उघडी ठेवून जो स्वर निघतो तो सा. तो कोणत्या पट्टीशी जुळतो हे आधी शोधावे आणि मग तानपुरा तिथे लावावा.

बासरी तपासण्याची कसोटीही यातूनच मिळते. खोलीत बसून, पाच मिनिटे फुंकून नळी उबदार झाल्यावर, एकेक स्वर लांब धरून पाहावा. सहाही छिद्रे झाकली की मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम (प), खालचे एक उघडले की धैवत, दोन उघडली की निषाद, तीन उघडली की षड्ज, मग ऋषभ (रे), मग गंधार, आणि सगळी उघडी ठेवली की तीव्र, म्हणजे चढा, मध्यम (म). शुद्ध मध्यमासाठी वरचे पहिले छिद्र अर्धे झाकावे लागते, त्यामुळे नवशिक्याने तपासणीत तो धरू नये. सगळे स्वर सारख्याच प्रमाणात उतरलेले किंवा चढलेले असतील तर बासरी खरी आहे, केवळ हवामान किंवा आपला ओठ वेगळा आहे. पण षड्ज बरोबर, ऋषभ चढा आणि धैवत उतरलेला असे जर दर वेळी आढळत असेल, तर दोष भोकांत आहे. यानंतर सहाही छिद्रे झाकून फुंकर थोडी बारीक आणि वेगवान केली की मध्य सप्तकातला पंचम निघायला हवा, आणि तो मंद्र पंचमाशी एकजीव वाटायला हवा. तसे होत नसेल तर बहुधा बूच चुकीच्या जागी आहे. मुखरंध्राच्या मध्यापासून बुचापर्यंतचे अंतर साधारणतः नळीच्या आतल्या व्यासाइतके असते आणि कारागिराला ते सहज सरकवता येते.

अडचण अशी, की ही तपासणी करण्याइतका स्थिर स्वर अजून आपल्याला काढता येत नाही. म्हणून ती दुसऱ्याकडून करून घ्यावी. प्रत्येक वस्तीत एखादे भजन मंडळ असते आणि मंडळात पेटीवाले असतात. त्यांच्या पेटीशेजारी बसून एखाद्या बासरी वाजवणाऱ्याने हे सात स्वर धरून दाखवले, तर दहा मिनिटांत निकाल लागतो. ओळखीत असे कोणी नसेल, तर बासरी शिकवणाऱ्या गुरुजींना पहिल्या भेटीत हेच विचारावे.

यजमानांनी दमाचा प्रश्न काढला आहे. मला वाटते, गरगरण्याचे कारण दम कमी असणे हे नसून दम जास्त खर्च होणे हे आहे. आवाज निघत नाही म्हणून माणूस अधिक जोराने आणि भराभर फुंकतो, शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि डोके हलके होते. बासरीला हवा फार लागत नाही, ती अचूक जागी लागते. ओठांची फट तांदळाच्या दाण्याएवढी ठेवून, मुखरंध्राची समोरची कड हवेने कापली जाईल अशा बेताने, हळू फुंकावे. सुरुवातीला कोणतेही छिद्र न झाकता फक्त हा एकच आवाज शोधावा आणि एका वेळी सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. गरगरले की बासरी खाली ठेवावी. दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास डॉक्टरांशी बोलून घ्यावे, परंतु पन्नाशी हे स्वतःच काही कारण नव्हे.

आता पुढे काय घ्यावे, याचा विचार. साडेचार हजारांची लांब बासरी आज आपण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरीला ख्यालगायनाची गंभीरता मिळावी म्हणून तिची लांबी आणि पोकळी वाढवली आणि आज मैफलीत ऐकू येणारी खर्जाची मोठी बासरी आपल्याला लाभली. पण तिची छिद्रे दूर दूर असतात आणि नव्या हाताला ती पूर्ण झाकता येत नाहीत. बोटाखालून हवा निसटली, की स्वर फाटतो आणि पुन्हा तीच शंका उभी राहते, की दोष कोणाचा. याउलट यात्रेत मिळणारी वीतभर लांबीची बासरी फारच उंच, कर्कश बोलते आणि तिला ओठांची अचूकता जास्त लागते. या दोन्हींच्या मधली, साधारण दीड फुटाची, पेटीच्या पांढरी एक या पट्टीतली बासरी आपल्यासाठी सोयीची ठरेल. अशी सुरात लावून घेतलेली बासरी हजार रुपयांच्या आसपास मिळू शकते. मात्र ज्या गुरुजींकडे शिकायचे त्यांना आधी विचारावे, कारण काहीजण सुरुवातीपासूनच थोडी मोठी बासरी देतात. दुकानात घेताना बोटांची छिद्रे सहाच आहेत ना, हेही पाहावे. कर्नाटक संगीतातील बासरीला सहसा आठ छिद्रे असतात आणि तिची बोटे वेगळी पडतात. उभी धरून शिट्टीसारखी वाजवायची बासरी, जिला आपण पावा म्हणतो, तिच्यावर आवाज लगेच निघतो, पण ओठांचे शिक्षण काहीच होत नाही.

बांबूचाच आग्रह नसेल तर पीव्हीसी नळीची, नीट सुरात केलेली बासरीही सुरुवातीला उत्तम. दिसायला ती साधी असते आणि नादात बांबूची ऊब नसते, पण ती तडकत नाही, आणि आपल्या गावात या गुणाला मोल आहे.

आणि आता ते कंसातले वाक्य. ‘मला जमले तर चांगली घेईन,’ असे आपण लिहिता. आपल्या घरात मुलाच्या शिकवणीची फी भरताना ‘त्याला जमले तर भरू’ असे कोणी म्हटले नसेल. स्वतःसाठी खर्च करताना मात्र आपण आधी परीक्षा ठेवता, आणि तीही अशा वाद्यावर, जे कदाचित उत्तीर्ण होऊच देणार नाही. ही काटकसर मला समजते, आमच्या पिढीतील बहुतेक स्त्रियांच्या ती अंगवळणी पडलेली आहे. पण तिच्यामुळे तीन महिन्यांनी आपण ‘मला जमले नाही’ असा निष्कर्ष काढाल आणि तो बासरीविषयीचा निष्कर्ष असेल, आपल्याविषयीचा नसेल. मला त्याचे फार वाईट वाटेल. म्हणून माझी विनंती आहे, की हातातली बासरी तपासून घ्यावी, ती खोटी निघाल्यास हजाराच्या आसपासची खरी बासरी आत्ताच घ्यावी, आणि किमान सहा महिने आठवड्यातून एकदा कोणासमोर तरी बसून शिकावे. पैशांची ओढाताण असेल, तर बासरीवर कमी आणि शिकवणीवर जास्त खर्च करावा. सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या संगीताच्या कार्यक्रमांना जात राहावे. तिथे वाजवणारी आणि शिकवणारी माणसे भेटतात, आणि कानही तयार होतो.

जुनी बासरी टाकून देऊ नये. ती एकाच स्वरात किंचित चढी असेल, तर त्या छिद्राच्या वरच्या कडेला सेलोटेपचा लहानसा तुकडा किंवा मेण लावून स्वर उतरवता येतो. मुखरंध्राभोवती रंग किंवा व्हार्निश असेल तर ते बारीक पॉलिश पेपरने काढून टाकावे, कारण ते ओठांना लागते. नळीतून पिवळसर भुकटी गळत असेल तर भुंगा लागला आहे, ती बासरी मात्र नव्या बासरीजवळ ठेवू नये.

बांबूची बासरी घेतलीत तर नागपूरच्या उन्हाळ्यासाठी तिला आतापासून तयार करावे. एप्रिल-मेमध्ये दुपारची कोरडी हवा आणि रात्री कूलरची दमट हवा यांत बांबू आकसतो, फुगतो आणि अखेर उभा तडकतो. कूलरच्या झोतात, गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ती ठेवू नये, जाड सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवावी. महिन्यातून एकदा आतून-बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. मोहरीचे तेल सर्रास वापरतात. आपल्याकडच्या घरांत असणारे जवसाचे तेलही चालते आणि ते बांबूवर वाळून बसते. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ते वाळताना आपोआप तापते आणि पेटूही शकते. ते दोरीवर पसरून वाळवावे. बासरीवर मध्ये मध्ये दोऱ्याचे घट्ट वेढे असतील तर ते शोभेचे समजून काढू नयेत, तडा रोखण्यासाठीच ते असतात.

आणि तो बासरीवाला पुन्हा कुठे भेटला, तर त्याच्याकडून घ्यायलाही हरकत नाही. फक्त त्याला धून वाजवायला सांगू नका. ‘दादा, पांढरी एकची काढा आणि सरळ सा रे ग म वाजवा, एकेक स्वर लांब धरून,’ असे म्हणा, मोबाइलवर पांढरी एकचा तानपुरा लावा, आणि अशा पाच-सहा बासऱ्या ऐकल्यावरच एक निवडा.